नागभीड जंक्शन : स्टेशनापासून दहा मिनिटांवर

नागपूरच्या इतवारीहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडला येणारी छोटी लाईन २५ नोव्हेंबर २०१९ पासून बंद झाली. कुही, उमरेड, भिवापूर करत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत शिरणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी शंभरेक किलोमीटरला चार तासांहून अधिक वेळ घेई. तिच्या जागी ब्रॉडगेज टाकण्याचे काम महारेलकडे, म्हणजे राज्य सरकार आणि रेल्वे यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या कंपनीकडे आले. तेव्हापासून एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात एक वाक्य हमखास कानावर येते : "मोठी लाईन होऊ द्या, मग नागभीड पाहा."

ही आशा मलाही आहे. पण तिच्या आजूबाजूला इतके गैरसमज साचले आहेत की ते आत्ताच साफ केले नाहीत, तर गाडी येईल, थांबेल, निघून जाईल आणि गाव तिथेच राहील.

"रेल्वे आली की गाव आपोआप वाढते"

तसे असते तर नागभीड आज चंद्रपूरच्या बरोबरीने उभे असते. बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर–नागभीड आणि गोंदिया–नागभीड हे दोन्ही मार्ग १९०८ मध्ये सुरू केले. १९१३ मध्ये चांद्याकडची, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडची वाट जोडली गेली. गोंदिया, नागपूर, चांदा अशा तीन दिशांचे रूळ इथे मिळतात. विदर्भातल्या किती तालुक्यांच्या गावांना हे भाग्य मिळाले? गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग तर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच ब्रॉडगेज झाला. म्हणजे मोठी लाईन नागभीडला नवी नाही. नवी आहे ती नागपूरकडची.

जंक्शन या शब्दातच फसगत आहे. जंक्शनवर माणूस गाडी बदलतो, गावात शिरतोच असे नाही. फलाटावर दोन तास घालवून तो पुढच्या गाडीने जातो. गावाच्या पदरी पडतात ते चहा-भज्यांचे पैसे.

मोठ्या शहरांचेही तेच. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराने १९८७ मध्ये शहराच्या मध्यभागी साडेचार-पावणेपाच किलोमीटरचा एक उन्नत रेल्वेफेरा बांधला. गाडी एकाच दिशेने गोल फिरते. मोटारींच्या कारखान्यांवर उभे राहिलेले ते शहर तेव्हा रिकामे होत चालले होते. मध्यभागी राहणारी माणसेच कमी, मग गाडीत बसणार कोण? अपेक्षित प्रवासी कधीच मिळाले नाहीत आणि त्या फेऱ्याने शहरही सावरले नाही.

याच्या उलटचे उदाहरण वॉशिंग्टनच्या मेट्रोचे आहे, आणि ते मला फार बोलके वाटते, कारण दोन्ही चित्रे एकाच लाईनवर दिसतात. नदीपलीकडच्या आर्लिंग्टन काउंटीने हट्ट धरला की मेट्रो महामार्गाच्या दुभाजकातून नको, आमच्या जुन्या बाजाररस्त्याखालून न्या. ते महाग होते, तरी त्यांनी ते करून घेतले. १९७९ मध्ये गाडी बॉलस्टनपर्यंत पोचली. मग त्यांनी ठरवले की स्टेशनाला लागून उंच आणि दाट बांधकाम, तिथून दूर जावे तसे ते उतरते आणि दोन-चार गल्ल्यांपलीकडे जुनी बैठी घरे जशीच्या तशी. खाली दुकाने, वर कचेऱ्या आणि घरे. पुढे १९८६ मध्ये हीच लाईन शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत गेली, पण महामार्गाच्या दुभाजकातून. तिथल्या स्टेशनांभोवती मोटारी उभ्या करायची मैदाने पसरली. रूळ तोच, डबे तेच, फलाटावरून बाहेर पडल्यावरचे जग वेगळे.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. नागभीडहून ब्रह्मपुरी ओलांडली की वडसा. गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाच्या बाजारात नाट्यमंडळांची कार्यालये उघडतात, फलक लागतात, गावोगावचे आयोजक नाटक ठरवायला तिथे येतात. कलावंत नागपूरहून येतात, मुंबई-पुण्याहूनही येतात. भाताच्या गिरण्या, कापडाची दुकाने, खानावळी आणि नाटकांची कार्यालये एकमेकांना खेटून. वडशाला रेल्वेने घडवले असे म्हणणे अर्धवट ठरेल, पण येणाऱ्या माणसाला उतरल्यावर काम, जेवण, मुक्काम हे सगळे पायी पोचण्याजोग्या अंतरात मिळते. शहर नियोजनाच्या पुस्तकात याला मिश्र वापर म्हणतात. वडशाने ते पुस्तक न वाचता केले.

"आता नागपूरची मेट्रो नागभीडपर्यंत येईल"

येणार नाही. नागपूर मेट्रोचे रूळ १४३५ मिलीमीटर रुंदीचे आहेत, भारतीय रेल्वेची ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटरची. ते डबे या रुळांवर चालूच शकत नाहीत. घोटाळा होतो तो नावामुळे. नागपूरची मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोने २०१८ मध्ये रेल्वेशी 'ब्रॉडगेज मेट्रो'चा करार केला. रेल्वेच्याच रुळांवरून नागपूर ते वर्धा, रामटेक, नरखेड, भंडारा रोड अशा जलद वातानुकूलित गाड्या चालवायची ती कल्पना. त्या पहिल्या यादीत नागभीड नव्हते. ब्रॉडगेजमुळे अशी गाडी इकडे आणण्यातली तांत्रिक अडचण मात्र दूर होते, आणि ही मागणी करण्याजोगी गोष्ट आहे.

मागायचेच तर मी आधी वेळापत्रक मागेन. सकाळी नऊ-दहाच्या आत नागपुरात पोचवणारी आणि संध्याकाळी सहानंतर निघणारी गाडी, रोज, न चुकता. मेडिकलला जाणारा रुग्ण, कॉलेजची मुलगी, कोर्टाच्या तारखेला जाणारा शेतकरी, या सगळ्यांना चकाचक डब्यापेक्षा ती वेळ हवी आहे. दिवसातून एकदाच, आणि तीही अडनिड्या वेळी येणारी गाडी कितीही देखणी असली तरी तिच्या भरवशावर कोणी दुकान टाकत नाही, खोली भाड्याने घेत नाही.

नागभीडवरूनच जाणाऱ्या गोंदिया–बल्लारशा मार्गाच्या २४० किलोमीटर दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली. खर्च ४,८१९ कोटी रुपये. एकेरी रुळावर मालगाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर किती वेळ उभी राहते ते तळोधी-सिंदेवाहीच्या लोकांना सांगायला नको. दुसरा रूळ पडला की ही सबब उरणार नाही. पण मोकळी झालेली वाट मालगाड्यांनीच भरायची की त्यातल्या काही वेळा प्रवाशांसाठी राखायच्या, हे मागणाऱ्यांच्या नेटावर ठरेल.

"पुनर्विकास म्हणजे जुने पाडायचे आणि टॉवर बांधायचे"

हा समज अमेरिकेने भारी किंमत मोजून सोडला. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर तिथल्या शहरांनी जुने मोहल्ले 'सडलेले' ठरवून सरसकट पाडले. बॉस्टनचा वेस्ट एंड हा स्थलांतरित कामगारांचा दाट वस्तीचा भाग १९५८ पासून जमीनदोस्त झाला आणि हजारो कुटुंबे पांगली. तिथे उभ्या राहिलेल्या महागड्या इमारतींत त्यांतल्या फारच थोड्यांना परतता आले. त्याआधी एकत्र नांदणारे वेगळे करण्याची चूकही झाली होती : १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे, कारखाने तिसरीकडे अशा विभागणीला कायदेशीर ठरवले होते. पुढे दूध आणायलाही मोटार काढावी लागेल अशी उपनगरे पसरली. आता तीच शहरे स्टेशनांजवळ घर, दुकान, दवाखाना एकत्र यावेत म्हणून नियम बदलत आहेत.

आपल्याकडे ते जुळलेलेच आहे. नागभीडच्या बाजारातल्या कोणत्याही जुन्या घराकडे पाहा. खाली किराणा, मागे गोदाम, वर बिऱ्हाड, ओट्यावर शिंप्याचे मशीन. रात्री नऊलाही रस्त्यावर माणूस असतो, म्हणून शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला भीती वाटत नाही. हे मागासपण समजून आपण ते मोडायला निघालो तर फार मोठी चूक होईल. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही निवासी भागात रस्त्याच्या रुंदीप्रमाणे दुकाने आणि दवाखाने चालतात.

उंचीचाही असाच गोंधळ. नागपुरात मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत चार चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, मिळू शकते. ते महानगराचे गणित. नागभीडला स्टेशनाजवळ दोन-तीन मजली, सलग, सावली देणारी रांग पुरेशी आहे. घनता उंचीतून कमी आणि मधल्या मोकळ्या, पडीक, कुंपण घातलेल्या प्लॉटांच्या अभावातून जास्त येते.

आणि स्टेशनासमोरचा टपरीवाला? सुशोभीकरणात पहिला तोच उठवला जातो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला हक्क दिला आहे : नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, आणि सर्वेक्षण होईपर्यंत उठवायचे नाही. रेल्वेच्या अमृत भारत योजनेतून चांदा फोर्ट आणि इतवारी या स्थानकांचे नवे रूप २२ मे २०२५ ला खुले झाले. इमारती सुधारल्या, हे चांगलेच. पण स्टेशनाची इमारत रेल्वेची आणि तिच्या फाटकाबाहेरचा रस्ता नगर परिषदेचा. तो रस्ता कोणीही दिल्लीहून येऊन करून देणार नाही.

"बस-रेल्वे तोट्यात चालतात, म्हणजे पैसा वाया"

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वेही नुसत्या तिकिटांवर चालत नाही. रस्ता, पूल, दिवाबत्ती यांचा आपण नफा मागत नाही. बसचा मात्र मागतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमुळे या भागातल्या किती मुली आठवीनंतरही शाळेत टिकल्या, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर किती जणी माहेरी, बाजाराला, दवाखान्यात एकट्या जाऊ लागल्या, ते एसटीच्या ताळेबंदात कुठे लिहिलेले नसते.

"जंगल आहे म्हणून विकास अडतो"

सगळ्यात जास्त तळमळीने बोलायचे ते याबद्दल.

नागभीड ब्रह्मपुरी वनविभागात येते. संरक्षित क्षेत्राबाहेर इतके वाघ असलेले वनविभाग देशात मोजकेच. एका बाजूला ताडोबा, दुसरीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला, मध्ये घोडाझरी अभयारण्य. वाघ या तिन्हींमध्ये ये-जा करतो आणि ती वाट आपल्या शेतांतून, रुळांवरून, डांबरी रस्त्यांवरून जाते. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी जुनोना-चिचपल्लीच्या जंगलात बल्लारशा–गोंदिया गाडीखाली वाघाचे तीन बछडे सापडून मेले. दुसरीकडे मोहफुले, तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसे दर उन्हाळ्यात जीव गमावतात. या दोन्ही मरणांचा हिशेब एकाच वहीत लिहायला हवा.

उपाय माहीत आहेत. नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात महामार्गाखाली नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या, आणि वाघ त्या वापरतात हे कॅमेऱ्यांत टिपले गेले. रेल्वेलाही हेच लागू आहे. उंचावलेला रूळ, खालून वाट, जंगलपट्ट्यात कमी वेग. खर्च वाढतो, काम लांबते, आणि गाव वनखात्यावर चिडते. पण लाईन शंभर वर्षांसाठी टाकतो आपण. दोन-तीन वर्षांच्या उशिरापायी चुकीची लाईन पत्करू नये.

एवढ्यावर मात्र भागत नाही, कारण जंगल तोडणारी गोष्ट रुळापेक्षा हळू आणि बिनआवाज चालते. ती म्हणजे रस्त्याकडेने पसरणारे ले-आऊट. लाईनची बातमी आली की धानाच्या बांध्यांत चुन्याच्या रेषा पडतात. गावापासून तीन-चार किलोमीटरवर चार घरे, मग ढाबा, मग गोदाम, मग दिवे. ज्या पट्ट्यातून रात्री जनावर पलीकडे जात होते तिथे आता कुंपण. त्या घरातली शाळकरी पोर मात्र अंधारात सायकलने गावात येणार.

म्हणूनच स्टेशनाभोवती घट्ट वसलेले गाव ही जंगलाच्या जिल्ह्याची खास गरज आहे. केंद्राच्या २०१७ च्या वाहतूककेंद्री विकास धोरणात स्थानकाभोवतीचा प्रभावपट्टा साधारण ५०० ते ८०० मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटे पायी, असा धरला आहे. नागभीडसारख्या गावाचा बराच संसार तेवढ्यात मावू शकतो. त्याबाहेरची जमीन धानालाच राहू द्यावी. याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 'एचएमटी' धान निवडून काढले, ते असल्याच तुकड्या-तुकड्यांच्या बांध्यांत. ती जमीन चुन्याच्या रेषांखाली गेली तर परत धानाची होत नाही.

हे ठरते गावाच्या विकास आराखड्यात. तो तयार होतो तेव्हा त्याचे प्रारूप नगर परिषदेत पाहायला ठेवतात आणि हरकतींसाठी तीस दिवस देतात. बहुतेकांना ते कळते मुदत संपल्यावर. नकाशा रंगीत आणि किचकट असतो, पण पाहायच्या गोष्टी चारच आहेत. स्टेशनापासून एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता किती रुंद, आणि त्यात पायी चालणाऱ्याला किती जागा. आठवडी बाजार कुठे दाखवलाय. स्टेशनालगतची मोकळी जमीन कोणत्या रंगात, घर-दुकान दोन्ही चालेल अशा, की नुसत्या गोदामाच्या. आणि गावाची हद्द कोणत्या बाजूने वाढवलीय, रुळाकडे की घोडाझरीकडे.