बांधापलीकडची द्राक्षं

द्राक्षाच्या फुलाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हिरवट, मोहरीच्या दाण्याएवढं. फुललं काय नि न फुललं काय. पण 1994च्या नोव्हेंबरमध्ये चिलीच्या मायपो खोऱ्यात ज्याँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ अशाच एका घोसापाशी थबकले. मळेवाल्यांच्या लेखी ती ‘मेर्लो’ होती. बुर्सिकोंना मात्र फुलातले पुंकेसर पिळवटलेले दिसले. मेर्लोचे तसे नसतात. ही तर ‘कार्मेनेर’! बोर्दोची जुनी जात. 19व्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्सचे मळे फस्त केले, तेव्हापासून जवळजवळ नामशेष झालेली. किडीच्या आधीच बोर्दोच्या काड्या जहाजातून चिलीला पोचल्या होत्या आणि तिथं ही वेल शंभरावर वर्षं दुसरीच्याच नावानं नांदत होती.

आता गंमत पाहा. कार्मेनेर मेर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकते. दोघींची तोडणी एकदमच व्हायची, त्यामुळे वाइनला ढोबळी मिरचीचा वास यायचा. हा नाकाचा भास नव्हे. मिरचीत आणि कच्च्या द्राक्षात पायराझिन हे एकच रसायन असतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी आपलं नाक ते टिपतं. मणी पिकत जातो तसं ते ओसरतं. वेलीचं खरं नाव कळलं, तोडणी पुढे ढकलली गेली आणि मिरची मागे हटली.

परवडणारी चांगली वाइन शोधायची युक्ती याच गोष्टीत आहे. बाटलीची किंमत रसापुरती नसते; तिच्यात जमिनीचा भाव आणि गावाचं नाव मिसळलेलं असतं. रक्त बोर्दोचं असलं तरी चिलीच्या बाटलीवर बोर्दोचा शिक्का नाही, म्हणून ती आवाक्यात राहते. तेव्हा नामांकित गावाचा बांध ओलांडायचा आणि पलीकडे काय पिकतं ते पाहायचं.

शॅम्पेनचंच घ्या. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होतं, वायू बाहेर पडायला वाट नसते, आणि दाब मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट चढतो. पण शॅम्पेन हे नाव फक्त त्या प्रदेशाचं. त्याच रीतीनं अल्सास, लिमू किंवा बर्गंडीत केलेली वाइन ‘क्रेमाँ’ म्हणून विकली जाते. ती निदान 9 महिने मृत यीस्टच्या गाळावर मुरते. शॅम्पेनला विक्रीआधी निदान 15 महिने थांबावं लागतं. मुरण्यात फरक आहे खरा. पण किमतीतला फरक त्याहून फार मोठा असतो.

कधी बांध उभाही असतो. फ्रान्सच्या काओरची ‘माल्बेक’ 19व्या शतकात अर्जेंटिनाच्या मेंडोसात गेली. तिथले मळे अँडीजच्या पायथ्याशी, हजार मीटरच्या आसपास आणि त्याहूनही वर. दिवसा कडक ऊन साखर भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा जपतो. म्हणून साधी बाटलीही गडद नि रसरशीत निघते.

आणि आपलं नाशिक? वेलीला हिवाळ्यात झोप लागते, असं युरोपचं गणित. आपल्याकडे तशी थंडीच नाही, वेल झोपेल कशी? मग शेतकरी कात्री हातात घेतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या तयार होतात. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, म्हणजे त्या काड्यांवर घड येतात. ऋतूचं काम कात्री करते.

दुकानात बाटली हाती आली की आधी द्राक्षाची जात वाचा, मग प्रदेश, मग साल. ताजेपणासाठी घ्यायची साधी पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांचीच बरी. नाशिकच्या बाटलीवर ‘शेनाँ ब्लाँ’ लिहिलेलं दिसलं, तर ती मूळची फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली. जानेवारीत तिकडे तिच्या वेली निष्पर्ण, काड्या उघड्या टाकून निजलेल्या असतात. त्याच दिवसांत इकडे तिचे घड क्रेटमध्ये पडू लागतात.