डब्यातला दिवा का लुकलुकतो?

छोट्या आगगाडीचे इंजिन जड असते. रुळांतून येणारी वीज क्षणभर तुटली, तरी ते वेगाच्या भरात पुढे निघून जाते. डब्यातला एलईडी मात्र काहीच झाकत नाही. वीज गेली की तो विझतो आणि आली की पेटतो. सुंदर रंगवलेली गाडी मग गणपतीतल्या तोरणासारखी लुकलुकत फिरते.

एचओ मापाची, म्हणजे मूळ गाडीच्या 1/87 आकाराची प्रतिकृती 16.5 मिलिमीटर रुंद रुळांवर धावते. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या हौसेची कल्पना असेल. डाव्या रुळातून आलेली वीज चाकांतून डब्यात चढते आणि उजव्या रुळाने परत जाते. चाक रुळाला नीट टेकलेले दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली धातू धातूला मोजक्याच उंचवट्यांवर भिडतो. त्यात धूळ, तेल आणि बारीक ठिणग्यांची काजळी येते. हौशी मंडळी रूळ पुसून पुसून थकतात.

त्यापेक्षा गणिताची मदत घ्यावी. समजा, एक चाक शंभरातले दहा क्षण संपर्क सोडते. एकाच बाजूची दोन चाके तारेने जोडली, तर दोन्ही एकदम सुटण्याची शक्यता शंभरात एक होते आणि चार जोडली तर दहा हजारांत एक. प्रत्यक्षात चाके इतकी स्वतंत्र नसतात. शेजारशेजारची दोन चाके एकाच मळक्या जागेवरून जातात. म्हणूनच डबे एकमेकांना तारेने जोडण्यात खरा फायदा आहे. एक डबा खराब जागेवर असतो, तेव्हा दुसरा फूटभर पुढे स्वच्छ रुळावर असतो. शिवाय चाकातून वीज उचलणारी प्रत्येक पत्ती ब्रेकसारखी घासते. डबे जोडले की थोड्याच पत्त्यांवर भागते.

मोठ्या रेल्वेत हेड ऑन जनरेशन पद्धतीच्या गाड्यांत इंजिन 750 व्होल्टची थ्री-फेज वीज डब्यांमधल्या केबलमधून मागे पाठवते. तिथे इंजिन देणारे आणि डबे घेणारे. आपल्या छोट्या गाडीत प्रत्येक डबा देणाराही असतो आणि घेणाराही.

तार निवडताना घाई नको. जाड तार वळणावर हलक्या डब्याला ढकलून रुळावरून उतरवते. केसासारख्या अनेक तंतूंची, सिलिकॉनच्या आवरणाची तार घ्यावी. ती बहुधा सोल्डरच्या कडेलाच तुटते, कारण वितळलेले सोल्डर तंतूंमध्ये शिरते आणि तेवढा भाग ताठ होतो. म्हणून जोडापासून थोड्या अंतरावर तार डब्याच्या तळाला चिकटवावी. दोन डब्यांमधल्या तारांसाठी चुंबकाचे जोड दिसायला झकास, पण सामान्य निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या पुढे तापला की दुबळा होऊ लागतो आणि सोल्डरिंग आयर्न तर 300 अंशांच्या वर असते. माझे मत साध्या पिन-सॉकेटच्या बाजूने. मात्र ते उलटे बसूच शकणार नाही असे हवे. अर्ध्या फेऱ्याने फिरलेला प्लग डावा रूळ उजव्याला जोडतो, म्हणजे थेट शॉर्ट सर्किट.

एक धोका मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सगळी गाडी एका तारेत ओवली की ती दोन विद्युत विभागांमधला पूल बनते. लाल सिग्नलपुढचा मुद्दाम मृत ठेवलेला रूळ मागच्या डब्यांमुळे जिवंत होतो आणि इंजिन थांबतच नाही. गाडी उलट्या दिशेने परत आणणाऱ्या फेरवळणावर तर वेगळा केलेला विभाग जोडलेल्या डब्यांच्या एकूण लांबीपेक्षा मोठाच लागतो; नाहीतर पुन्हा शॉर्ट.

त्यामुळे आठ डबे सलग जोडण्याऐवजी दोन-तीन डब्यांचे संच करावेत. प्रत्येक संच आधी टेबलावर ठेवून मल्टिमीटरने दोन्ही बाजूंची चाके तपासावीत. डाव्या आणि उजव्या चाकांमध्ये मीटर वाजला, तर गाडी रुळावर ठेवू नये.