बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत

मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या परिचारिका. कामाच्या वेळा आडनिड्या, त्यामुळे अवेळी दार वाजलं की धास्ती. म्हणून त्यांनी पती आल्बर्ट यांच्यासह एक यंत्रणा रचली. 1966 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 साली ते मिळालं. दारात वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बोलायला माइक आणि बसल्या जागेवरून कुलूप उघडायची कळ. आपल्या व्हिडिओ डोअर फोनची ही पणजीच.

दाराशी न जाता दार सांभाळता यावं, हा त्या यंत्रणेचा मूळ विचार. चालता न येणाऱ्या माणसाला नेमकं हेच तर हवं असतं. पण आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू गिऱ्हाईक उभं राहू शकतं, त्याला नीट दिसतं, ऐकू येतं आणि त्याची दहा बोटं शाबूत आहेत, असं धरून चालतात. तसं नसेल तर काय करायचं, ते बेलपासून पायरीपायरीनं पाहू.

पहिली पायरी, कोणी आलंय हे कळणं. कर्णबधिर माणसासाठी बिनतारी बेल मिळते. बाहेरचं बटण दाबलं की संदेश आतल्या यंत्राकडे जातो, दिवा लुकलुकतो, मनगटावरचा पट्टा किंवा उशीखालची चकती थरथरते. ही चकती रात्री फार महत्त्वाची, कारण झोपताना श्रवणयंत्र काढून ठेवलेलं असतं. आगीच्या भोंग्याचंही असंच. नेहमीच्या धूरसूचकाचा आवाज साधारण 3100 हर्ट्‌झचा, म्हणजे बारीक आणि किरटा. वयानं कान जातात ते आधी अशाच वरच्या पट्टीला. त्यामुळे घरातल्या तरुणांना कर्कश वाटणारा भोंगा आजोबांना जागंही करत नाही. 520 हर्ट्‌झचा जाड आवाज अशा माणसांना जास्त खात्रीनं उठवतो. ठार बहिऱ्या माणसाला मात्र प्रखर दिवा आणि थरथरणारी चकती, दोन्ही हवीत.

दुसरी पायरी, कोण आलंय ते ओळखणं. दाराचं भिंग बहुधा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. चाकाच्या खुर्चीतून ते निरुपयोगी. बसलेल्याच्या नजरेला येईल असं दुसरं भिंग बसवायला फार खर्च येत नाही. डोअर फोनचा पडदाही त्याच हिशोबानं खाली घ्यावा. अंध व्यक्तीला चित्राचा उपयोग नाही, आवाज हवा. दोन्हीकडून बोलता येणारं यंत्र घ्यावं आणि त्याचं मोबाइल अ‍ॅप टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावून चालवून पाहावं. बटणांना नावंच दिलेली नसतील तर फोन नुसता ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. फाटकावरून वॉचमन इंटरकॉम करतो तेव्हा कर्णबधिर रहिवाशाला तो ऐकूच येत नाही. त्याला मेसेज करायचा, एवढा नियम सोसायटीनं केला तरी पुरतं.

तिसरी पायरी, दार उघडणं. बोटाच्या ठशावरचं कुलूप त्वचेवरच्या रेषा वाचतं. कुष्ठरोगातून बरे झालेल्या काहींची बोटं आखूड झालेली असतात, कष्टकऱ्यांच्या आणि वृद्धांच्या रेषा झिजलेल्या असतात. गुळगुळीत काचेवरचे आकडे अंध माणसाला सापडत नाहीत. उठावाची बटणं आणि 5 वर टिपका असेल तर बोट आपोआप वाट काढतं. म्हणून ठसा, आकडे, कार्ड आणि साधी किल्ली यांपैकी किमान दोन वाटा ज्यात आहेत, तेच कुलूप घ्यावं. चोरसूचक यंत्रणेत घरात शिरल्यावर आकडे दाबायला ठरावीक सेकंद मिळतात. कुबड्या सावरत उंबरा ओलांडणाऱ्याला ते अपुरे पडतात आणि स्वतःच्याच घरात भोंगा वाजतो. ही मुदत बहुतेक यंत्रांत वाढवता येते. बसवणाऱ्याला ते सांगावं लागतं, इतकंच.

चौथी पायरी बाहेर पडण्याची, आणि तीच जास्त विसरली जाते. विजेवरची कुलुपं दोन स्वभावांची. काही वीज गेली की उघडतात, काही बंदच राहतात. जिन्याच्या किंवा इमारतीच्या मुख्य दाराला दुसऱ्या प्रकारचं कुलूप असेल, तर आतून नुसतं हँडल दाबून ते उघडलं पाहिजे. सेफ्टी डोअरची वरची कडी खुर्चीतून हाताला येते का, तेही आजच पाहून घ्यावं.

हे सारं उपकार म्हणून मागायचं नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. कुष्ठमुक्त आणि अ‍ॅसिडहल्ल्यातले पीडितही त्यांत येतात. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अवाजवी बोजा न टाकता करता येणारे योग्य ते फेरफार, ही कल्पनाही कायद्यात व्याख्येसह आहे. सोसायटीला अर्ज लिहिताना या दोन्हींचा आधार घ्यावा. दाद न मिळाल्यास पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. डोळे मिचकावून ओळख पटवण्याची सक्ती अ‍ॅसिडहल्ल्यातल्या पीडितांना बँकेच्या दारातच अडवते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 30 एप्रिल 2025 ला न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. चेहरा पाहून उघडणारं फाटक बसवण्याआधी सोसायटीनं हा निकाल आठवावा.

घरातल्यांसाठीही एक गोष्ट. काळजीपोटी दिव्यांग माणसाच्या खोलीत कॅमेरा लावायचा आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्यांनीच ठेवायचा, हे त्याला न विचारता करू नये. कॅमेरा कधी बंद करायचा, हे त्याला स्वतः ठरवता आलं पाहिजे.

यंत्रणा बसवून फिटर निघायच्या आत एक चाचणी घ्यावी. जो तिथे राहणार आहे त्यानंच, श्रवणयंत्र काढून किंवा खुर्चीत बसून, मेन स्विच बंद ठेवून, कोणाचीही मदत न घेता दार आतून-बाहेरून उघडून दाखवावं. जमलं नाही तर फिटरला चहा द्यावा, पैसे मात्र काम पुरं झाल्यावर.