वाट दाखवणाऱ्याला घर का सांगायचं?

ऑक्टोबर 2007मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अमेरिकेत एक साधी चाचणी घेतली. किंग जेम्स बायबलची फाइल बिटटॉरेंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीने एका संगणकातून दुसऱ्यात पाठवायची, एवढंच. पण कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या जोडणीवर ती अडू लागली. कॉमकास्टची यंत्रणा दोन संगणकांच्या मध्ये शिरून दोघांनाही ‘जोडणी तोडा’ असा बनावट निरोप पाठवत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो समोरच्यानेच धाडला आहे. ऑगस्ट 2008मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने याला चूक ठरवलं. एप्रिल 2010मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा तो अधिकारच अमान्य केला.

इंटरनेट कंपन्यांची अडचण मात्र खरी होती. टॉरेंटमध्ये फाइलचे तुकडे अनेकांकडे असतात आणि कुणाकडून कोणता घ्यायचा हे प्रोग्रॅम बहुतांशी नशिबावर सोडतो. हवा तो तुकडा शेजारच्या गल्लीत असतानाही तो समुद्रापलीकडून येतो आणि त्या लांबच्या वाहतुकीचा खर्च कंपनीच्या माथी बसतो. येल विद्यापीठातले हायोंग शी, रिचर्ड यांग आणि सहकाऱ्यांनी यावर ‘पीफोरपी’ ही पद्धत मांडली. कंपनीने ‘आयट्रॅकर’ नावाचा सर्व्हर ठेवायचा आणि आपल्या जाळ्यात कोणता भाग कुठून जवळ पडतो हे त्याने टॉरेंटच्या प्रोग्रॅमला सांगायचं. व्हेरायझन ही इंटरनेट कंपनी आणि पँडो ही फाइल-वाटप कंपनी यांच्यासोबतच्या 2008च्या चाचणीत एरवी जाळ्यातले सरासरी साडेपाच टप्पे पार करणारी माहिती 0.89 टप्प्यांत पोचू लागली. डाउनलोडही वेगाने होऊ लागलं. अडवण्यापेक्षा वाट दाखवणं केव्हाही चांगलं, यात मला शंका नाही.

मला सलतं ते पुढचं. टॉरेंटच्या घोळक्यात आपला आयपी पत्ता सर्वांना दिसतोच, त्यात नवीन काही नाही. पण त्या पत्त्यामागचं नाव, घर आणि बिल फक्त इंटरनेट कंपनीला ठाऊक असतं. ‘या पंधरा जणांपैकी जवळचा कोण?’ असं आपण तिलाच विचारलं, तर आपण कुणाशी देवाणघेवाण करतोय याची यादी आपल्याच हातांनी तिला देतो. आणि ती यादी व त्यामागची नावं हवी असणारे नेहमीच असतात. संगीत कंपन्यांच्या संघटनेने न्यायाधीशापुढे खटला न भरताच एका ग्राहकाचं नाव मागितलं, तेव्हा व्हेरायझन न्यायालयात लढली आणि डिसेंबर 2003मध्ये अपिलात जिंकली. फेब्रुवारी 2013मध्ये तीच व्हेरायझन, कॉमकास्ट आणि आणखी तीन कंपन्या चित्रपट-संगीत उद्योगाशी हातमिळवणी करून बेकायदा वाटपाबद्दल ग्राहकांना इशारे पाठवू लागल्या. ती योजना जानेवारी 2017मध्ये बंद झाली. दहा वर्षांत राखणदाराची बाजू बदलू शकते, म्हणून त्याच्या आजच्या चांगुलपणावर रचना बेतू नये.

दुसरा प्रश्न ताब्याचा. अंतर ठरवते कंपनी आणि ते तिच्या खर्चाच्या हिशेबाने. एखादा भाग ‘लांब’ का दाखवला, तिथे गर्दी आहे म्हणून की कुण्या स्पर्धकाशी तिचं पटत नाही म्हणून, हे ग्राहकाला पडताळता येत नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच सुमारास ‘ओनो’ हे टॉरेंटचं जोड-सॉफ्टवेअर करून दाखवलं. अकामाईसारख्या मोठ्या वितरण-जाळ्यांचे सर्व्हर आपल्याला कुठे वळवतात आणि समोरच्याला कुठे, एवढं ताडून ते जवळिकीचा अंदाज घेई. कंपनीला काहीच विचारावं लागत नसे.

पीफोरपीमागच्या कल्पनेला पुढे ‘आल्टो’ या नावाने इंटरनेटच्या मानकांमध्ये जागा मिळाली, सप्टेंबर 2014मध्ये. मला त्यातला एक तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. आल्टोच्या सर्व्हरला विचारायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत सोबत्यांचे पत्ते पाठवून क्रम लावून घ्यायचा. दुसरीत सबंध जाळ्याचा ढोबळ नकाशा आणि अंतरांचा तक्ता एकदाच उतरवून घ्यायचा आणि निवड आपल्याच संगणकावर करायची. दुसऱ्या तऱ्हेत कंपनीला एवढंच कळतं की कुणीतरी नकाशा नेला. पहिलीच वापरायची झाली, तर पूर्ण पत्त्याऐवजी शेवटचे आकडे गाळून पाठवता येतात. यातली कोणती तऱ्हा घ्यायची हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो, आणि आपण तो प्रोग्रॅम उतरवून घेतो तेव्हा पडद्यावर या निवडीचा साधा उल्लेखही नसतो.