स्पीकर निवडताना कानांची साक्ष

चतुर्थी जवळ आली की घराच्या रंगरंगोटीबरोबरच नव्या खरेदीचाही विचार सुरू होतो. ज्या घरात गाणे मनापासून ऐकले जाते, तिथे त्या यादीत कधी ना कधी स्पीकरच्या जोडीचे नाव येतेच. मात्र ही खरेदी फ्रीज किंवा पंखा घेण्यासारखी नाही. फ्रीज किती थंड करतो, हे मापता येते; स्पीकर आपल्याला मानवेल की नाही, याची साक्ष शेवटी आपल्या कानांनाच द्यावी लागते. अडचण अशी की दुकानातील दहा मिनिटांत कान सहज फसतात. तिथे सर्वांत दिमाखदार वाटलेला स्पीकर घरी तासाभरात नकोसा होऊ शकतो. मग ऐकणेच हळूहळू कमी होते आणि दहा-पंधरा वर्षे साथ देईल म्हणून घेतलेली वस्तू कोपऱ्यात धूळ खात पडते. म्हणूनच स्पीकरची परीक्षा घेण्यापूर्वी कान कशाकशाने फसतो, हे जाणून घेणे हिताचे.

मोठा तो चांगला?

पहिला फसवा घटक म्हणजे आवाजाची पातळी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, मानवी कान सर्व स्वरांना सारखाच तीव्र नसतो आणि आवाज लहान झाला की विशेषतः खालचे स्वर आपल्याला फारच कमी ऐकू येतात. याचा व्यवहारातील अर्थ असा की, तेच गाणे जरा मोठ्याने लावले की ते भरदार आणि रसरशीत वाटू लागते. दोन स्पीकरांच्या पातळीत एखाद्या डेसिबलचा फरक असला, तर ‘हा मोठा वाजतो’ असे आपल्या लक्षात येत नाही. ‘हा चांगला वाजतो’ असे वाटते.

हा फरक दुकानात आपोआप पडतो, कारण प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता निराळी असते. माहितीपत्रकात ती डेसिबलमध्ये दिलेली असते. एकाची संवेदनशीलता ८४ आणि दुसऱ्याची ९० डेसिबल असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला चौपट वॅटची शक्ती लागते. ॲम्प्लिफायरचे बटण न हलवता एकामागून एक असे दोन्ही वाजवले, तर दुसरा बाजी मारणार हे ठरलेलेच. त्यात त्याच्या गुणांचा काही संबंध नसतो.

यावर उपाय सोपा आहे. मोबाइलवर आवाजाची पातळी दाखवणारे ॲप मिळते. बसण्याच्या जागी मोबाइल ठेवून दोन्ही स्पीकरांवर गाण्याचा एकच तुकडा वाजवावा आणि पातळी सारखी करून घ्यावी. मोबाइलचे मापन प्रयोगशाळेइतके अचूक नसले, तरी दोहोंच्या तुलनेसाठी ते पुरेसे असते. विक्रेत्याला अशी विनंती करण्यात संकोच नसावा.

डोळे मध्ये येतात

दुसरा फसवा घटक म्हणजे आपले डोळे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत स्पीकर आणि श्रोता यांच्या नात्याचा दीर्घ अभ्यास केला. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्यासह त्यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच श्रोते, तेच स्पीकर; एकदा ते समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून गुण द्यायला सांगितले. स्पीकर दिसत असताना मोठ्या, देखण्या पेट्यांना चढे गुण मिळाले. पडदा आल्यावर ते अंतर आटले. ऐकण्याचा अनुभव असलेले श्रोतेही या मोहातून सुटले नाहीत.

यातून घेण्यासारखा धडा असा की, किंमत आणि नाममुद्रा आधी विचारू नये. बरोबरच्या माणसाला स्पीकर बदलायला सांगावे आणि आपण डोळे मिटून ऐकावे. दोन स्पीकरांना ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ एवढेच म्हणावे, मत कागदावर लिहावे आणि मगच किंमत पाहावी.

काय वाजवावे?

दुकानातील ध्वनिमुद्रणे बहुधा स्पीकरला शोभून दिसतील अशीच निवडलेली असतात. खणखणीत झांजा आणि छाती हादरवणारा ठोका त्यांत हमखास असतो. त्याऐवजी आपल्या नित्य ऐकण्यातील, ज्यांचा कण न् कण परिचयाचा आहे, अशी तीन-चार ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. आपले संगीत या परीक्षेला फार उपयोगी आहे.

सुरुवात तबल्यापासून करावी. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन वादक घुमारा वर चढवतो, तेव्हा तो चढता स्वर स्पष्ट ऐकू यायला हवा. सुमार स्पीकरवर तो स्वर हरवतो आणि प्रत्येक ठिकाणी एकाच जातीचा ‘धप्प’ असा आवाज उरतो. दाहिन्याची चाट टोचू नये, पण बोथटही होऊ नये. नंतर तानपुरा ऐकावा. जवारीतून उमटणारी झंकाराची वलये एकमेकांत मिसळूनही निरनिराळी जाणवली पाहिजेत. त्यानंतर गायकाचा गळा. ‘स’ आणि ‘श’ फुत्कारासारखे बाहेर पडत असतील, तर वरच्या पट्टीत स्पीकर गरजेहून तिखट आहे. नाट्यपदातील शब्द पुस्तक न उघडता कळतात का, हीदेखील चांगली कसोटी आहे.

गोमंतकीय रसिकांनी आणखी एक काळजी घ्यावी. केसरबाई केरकर किंवा मास्टर दीनानाथ यांची ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील मुद्रणे आपल्याकडे आवर्जून ऐकली जातात. त्यांत अतिउच्च स्वर जवळपास नसतातच आणि खरखर मात्र असते. वरचे स्वर उठावदार करणारा स्पीकर या गाण्यात नवे काही आणत नाही. तो फक्त खरखर वाढवतो. अशी मुद्रणे ज्यांच्या नित्य ऐकण्यात आहेत, त्यांनी दुकानातही ती वाजवलीच पाहिजेत.

माहितीपत्रकातील सर्वांत खालच्या स्वराच्या आकड्याने मात्र दडपून जाऊ नये. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर कंप पावते. एखाद्या लहान स्पीकरचा आवाज त्या आधीच उतरू लागला, तरी खर्ज नाहीसा होत नाही. त्या तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांवरून आपला मेंदू मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. भारदस्तपणा थोडा कमी होईल, पण स्वर कळेल. ख्याल, भजन आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला मध्यम खोलीत नेटका लहान स्पीकर पुष्कळदा पुरतो. चर्चमधील ऑर्गन किंवा मोठा वाद्यवृंद ऐकणाऱ्याची गरज वेगळी.

खोली हे तिसरे वाद्य

दुकानात ऐकलेला आवाज घरी तसाच येत नाही, याचे मुख्य कारण खोली. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ५० हर्ट्झच्या स्वराची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, अनेक दिवाणखान्यांहून मोठी. ४ मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४३ हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. एका जागी तो गडगडतो, तर खोलीच्या मध्यावर जवळपास लुप्त होतो. स्पीकर भिंतीला चिकटवला की खालचे स्वर फुगतात, कोपऱ्यात ठेवला की आणखी फुगतात.

त्यामुळे स्पीकर शक्य तेवढा भिंतीपासून पुढे घ्यावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणावा. सदनिकांत गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या आणि रिकाम्या भिंती असतात. अशा खोलीत टाळी वाजवली की मागोमाग झणझण ऐकू येते. स्पीकरच्या आवाजालाही तीच झणझण चिकटते. जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट यांनी ती बरीच कमी होते. कित्येकदा महाग स्पीकर घेण्यापेक्षा हा खर्च अधिक फळ देतो.

म्हणूनच दुकानदार दोन दिवसांसाठी जोडी घरी देत असेल, तर अनामत ठेवूनही ती आणावी. ऑनलाइन मागवताना परत करण्याची मुदत आणि परतीचा वाहतूक खर्च कोणाकडे, हे आधी वाचावे. आपल्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर चालतात का, हेही पाहून घ्यावे. जोडण्यासाठी पुरेशी जाड, साधी तांब्याची तार पुरते.

किनारपट्टीच्या हवेचाही विचार हवा. वूफरच्या पडद्याभोवतीची कडा फोमची असेल, तर उष्ण आणि दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. रबराची कडा त्या मानाने दीर्घकाळ टिकते. जुनी जोडी घेताना तर ही कडा बोटाने हलकेच दाबून पाहावीच.

निर्णय एकट्याने नको

वयाबरोबर वरचे स्वर ऐकण्याची शक्ती कमी होत जाते. घरातील आजोबांना जो स्पीकर ‘स्वच्छ’ वाटतो, तो नातीला कर्कश वाटू शकतो. दोघांचेही म्हणणे खरेच असते. म्हणून जे रोज ऐकणार, त्या सर्वांनी बसून ऐकावे आणि एकेक गाणे नव्हे, तर किमान अर्धा-पाऊण तास ऐकावे. पहिल्या पाच मिनिटांत चमक कळते. थकवा कळायला वेळ लागतो. अर्धी मैफल झाल्यावर आवाज कमी करावासा वाटू लागला, तर ती जोडी परत करावी. पुढची चीज लावण्यासाठी हात आपोआप पुढे गेला, तर त्या जोडीची किंमत आता विचारायला हरकत नाही.