कुत्र्याच्या तोंडातील गाठ : वेळीच ओळखा, वेळीच काढा

जामखेड तालुका बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला आहे. येथील मेंढ्यांचे कळप आणि रानातील वस्ती यांची राखण कुत्रा करतो. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण तत्काळ उपचार करतो. परंतु कुत्र्याच्या तोंडाकडे सहसा लक्ष जात नाही. त्यामुळे तोंडातील गाठ बरीच वाढल्यावरच ध्यानात येते.

तोंडाला दुर्गंधी, रक्तमिश्रित लाळ, एकाच बाजूने चावणे, दात हलणे, जबडा सुजणे ही तिची लक्षणे होत. मात्र लाळ गळणे व गिळता न येणे ही पिसाळण्याचीही लक्षणे असतात. म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. लाळ जखमेला लागल्यास ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्वरित सरकारी दवाखाना गाठावा.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. हिरडीवरील काही गाठी जबड्याच्या हाडात शिरतात, पण शरीरात अन्यत्र पसरत नाहीत. उलट मेलानोमा ही बहुधा काळसर दिसणारी गाठ फुप्फुसापर्यंत पोहोचते. यास्तव गाठीच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व छातीचे क्षकिरण चित्र उपचारापूर्वी आवश्यक ठरते.

शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय होय. गाठ वरवर खरवडल्यास ती पुन्हा वाढते. म्हणून भोवतालचा निरोगी भाग आणि जरूर तर जबड्याच्या हाडाचा अंशही काढावा लागतो. त्यानंतर बहुतेक कुत्री मऊ अन्न खाण्यास लवकरच सरावतात. गाठ पूर्ण निघत नसेल, तर उरलेल्या रोगपेशी नष्ट करण्यासाठी किरणोपचार देतात. कुत्रा स्थिर राहावा म्हणून दर खेपेस त्यास भूल द्यावी लागते व खेपाही अनेक असतात. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. म्हणूनच गाठ लहान असताना काढणे अधिक हिताचे आणि कमी खर्चाचे.

गाठीवर चुना वा तंबाखू लावू नये, डाग देऊ नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. तेथील सल्ल्याने शिरवळच्या अथवा १८८६ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे जाता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रेबीजची लस टोचण्याच्या वेळी मालकांना ही लक्षणे अवश्य समजावून सांगावीत.