वेष्टनावरील कर्बोदके

धान्य पाखडून, निवडून, मापाने शिजत घालण्याच्या काळी घरातील अन्नाचा हिशेब गृहिणीच्या हातालाच ठाऊक असे. आज पुष्कळसे अन्न बंद पाकिटातून येते आणि त्याचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचण्याची सवय मात्र अजून फार थोड्यांना आहे.

भिलाईचेच उदाहरण घ्यावे. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि त्या नगरीत विदर्भासह अनेक प्रांतांतील कुटुंबे येऊन स्थिरावली. भोवतालचा छत्तीसगड हा भाताचा मुलूख. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खायची ‘बासी’ तेथे घरोघर परिचित आहे. अशा घरात कोणास मधुमेह जडला, की ताटातला भात कमी होतो आणि चहाबरोबर ‘साखरविरहित’ बिस्किटे येतात. फसगत होते ती येथेच.

कर्बोदके म्हणजे केवळ साखर नव्हे. साखर, पिष्ट आणि तंतू हे एकाच कुळातील होत. तंतू बहुतांशी पचत नाहीत. परंतु तांदळातील वा मैद्यातील पिष्टाची पोटात शेवटी ग्लुकोज नावाची साखरच होते. समजा, एका पाकिटावर शंभर ग्रॅममागे कर्बोदके ६८ ग्रॅम आणि साखर अवघी १ ग्रॅम लिहिली आहे. आठ ग्रॅमची पाच बिस्किटे खाल्ली, तर सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके पोटात गेली. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातातही जवळजवळ तितकीच असतात! भात टाळला खरा. पण तो दुसऱ्या रूपाने परत आला.

म्हणून आकडा वाचताना तो किती वजनाचा, हे आधी पाहावे. तांदळाच्या पिशवीवरील सुमारे ७८ ग्रॅम हा आकडा शंभर ग्रॅम कोरड्या तांदळाचा असतो. शिजताना तांदूळ पाणी शोषून घेतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या भातात तो बराच उतरतो.

भारतात २०२० च्या नियमांनुसार कर्बोदकांखाली एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दाखवावी लागते. दोन हजार उष्मांकांच्या दैनिक आहारात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरली आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मैदा आरंभीच असेल, तर पाकिटात मुख्यतः काय आहे हे उघडच झाले. ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ हे नाव साखरेच्या ओळीत मोजले जात नाही, पण रक्तातील साखर ते झपाट्याने वाढवते.

औषधाची मात्रा ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु पाकीट उलटून आधी वजन, मग एकूण कर्बोदके आणि त्यानंतर साखर, या क्रमाने तीन ओळी वाचणे घरातील कोणालाही जमण्यासारखे आहे. पुढच्या बाजूची मोठी अक्षरे माल विकण्यासाठी असतात. खाणाऱ्याच्या उपयोगाची अक्षरे मागच्या बाजूस असतात.